साडेतीन किलोचा काटा

साक्षीनं पेट्रोलचं प्रेशर मोजायच्या गेजची रबरी नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली, काचेपर्यंत आणली आणि गेजची गोल तबकडी वायपरखाली अडकवून वरून चिकटपट्टीचे चार वेढे मारले. मग बॉनेट पुन्हा वर करून तिनं नळीच्या सांध्याभोवती कागदाचा कपटा फिरवला. कपटा कोरडा निघाला. पेट्रोल कुठंही झिरपत नव्हतं. तिनं दुसऱ्यांदा कपटा फिरवून खात्री केली, बॉनेट लावलं आणि हात पुसले.

“गाडीचा बीपी मोजतीस व्हय?” कुंडलिक म्हणाला.

“तसंच समजा, काका. बसा आत.”

कुंडलिक काही बसला नाही. मढहून आळ्यापर्यंत येताना गाडीनं तीनदा मान टाकली होती. आता पुन्हा तिच्यात बसायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं. सात सीटांची ही पांढरी गाडी त्यानं दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं घेतली. सपाटीला ती बरी चालायची. वर्षभरापासून मात्र चढ लागला की पाय कितीही दाबा, धापा टाकायची, आचके द्यायची आणि शेवटी रस्त्याच्या कडेला जाऊन बसायची. चार गॅरेजांनी चार उपाय करून झाले होते. एकानं प्लग बदलले, दुसऱ्यानं एअर फिल्टर, तिसऱ्यानं इंजेक्टर धुतले आणि चौथ्यानं नुसतीच मान हलवली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं वर्षभर चाललं होतं. उद्या रविवारी ओतूरचा एक माणूस गाडी बघायला येणार होता आणि मागेल त्या भावाला ती त्याच्या गळ्यात मारायची, असं कुंडलिकनं ठरवलं होतं. शेवटचा उपाय म्हणून तो भागुजींच्या दारात आला होता.

भागुजी, म्हणजे साक्षीचे आबा, दारातल्या स्टुलावर बसून लेकीचा उद्योग बघत होते. एस.टी.च्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं काढल्यावर त्यांनी आळ्यात रस्त्याच्या कडेला हे गॅरेज टाकलं होतं. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पान्यांची रांग आणि रांगेच्या शेजारी एक लाकडी फळी. फळीवर सात खिळे. या खिळ्यांवर फडकी असायची. आबांचे जुने खाकी शर्ट चौकोनी कापून केलेली, आणि सुटा धागा पेट्रोलमध्ये जाऊ नये म्हणून आक्काबाईनं, म्हणजे साक्षीच्या आईनं, कडा मुडपून लाल दोऱ्यानं शिवलेली. गाळल्याशिवाय टाकीत थेंब जायचा नाही, हा आबांचा नियम. नरसाळ्याच्या नळीच्या टोकाला फडकं बांधायचं आणि मगच डबा तिरपा करायचा. पंचक्रोशीत या शिस्तीचं नाव होतं. लोक म्हणायचे, भागुजी पेट्रोलसुद्धा सोवळ्यानं ओततो, आणि त्यावर आबा आपल्या मिशीत हसायचे.

सध्या मात्र खिळे सात आणि फडकी सहा होती. सातवं गेल्या वर्षी हरवलं आणि आळ आला साक्षीवर. अवसरीच्या हॉस्टेलवरून ती सुट्टीला आली होती. “स्कुटी पुसलीस आन् दिलंस कुठंतरी फेकून,” असं म्हणून आबा तिला भर गिऱ्हाइकात बोलले होते. ती तीनदा नाही म्हणाली. पण रिकामा खिळा सगळ्यांना दिसत होता आणि तिचं नाही कुणाला ऐकू येत नव्हतं. तेव्हापासून तिनं त्या फळीला हात लावलेला नव्हता.

आता इंजिनिअरिंगचा डिप्लोमा हातात होता आणि चाकणच्या एका कंपनीचं पत्रही. सोमवारी हजर व्हा. आबांचा जीव त्या पत्रावर होता. पोरीनं काजळीत हात घालू नयेत, महिन्याच्या महिन्याला पगार घ्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं. साक्षीचा जीव मात्र या गॅरेजवर होता. मुकी पडलेली गाडी एकदम कुठं दुखतंय ते सांगून टाकते, त्या एका क्षणासाठी ती उपाशी राहायला तयार होती. सकाळी कुंडलिकची गाडी दारात आली तेव्हाच तिनं आबांना गाठलं होतं.

“ही गाडी माझ्यावर सोडा. दुखणं म्या काढलं तर मी चाकणला जाणार न्हाई.”

“आन् न्हाई निघालं तर?”

“तर सोमवारी पहिल्या एस.टी.नं जाते. तोंडातून शब्द काढणार न्हाई.”

“चाललं,” आबा म्हणाले होते. एस.टी.त असताना ते अशी पैज कधी हरले नव्हते.

त्यांचं निदान केव्हाच झालं होतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून त्यांनी निकाल दिला होता, सायलेन्सर तुंबलाय. साक्षीनं गेज लावला, गाडी जागेवर चालू केली, तेव्हा काटा साडेतीन किलोवर जाऊन ठाम बसला. आळेफाट्यापासून जुन्नरपर्यंत हवा असो की पेट्रोल, प्रेशर किलोवरच मोजतात.

“बघ, काटा जागचा हलंना,” आबा म्हणाले. “पेट्रोल बराबर येतंय. सायलेन्सर खोल.”

“उभ्या गाडीला कुठं काय होतंय, आबा? चढाला घालते तिला.”

“घाल. येताना ढकलत आणू नकोस म्हंजे झालं.”

शेवटी कुंडलिक आत बसला. फाट्यावरची गर्दी मागं टाकून गाडी नगरच्या रस्त्याला लागली. काचेवरचा काटा साडेतीनवर होता आणि साक्षीचा एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रांगेनं चालले होते. सपाटीला गाडीनं त्यातले तीन बिनतक्रार मागं टाकले.

“हिचं हे असंच हाय बघ,” कुंडलिक म्हणाला. “डॉक्टरच्या दारात पोर कसं शानं व्हतं, तसं. परवा आमच्याकडच्या चढाला म्हशींचा कळप पुढं गेला माझ्या. गुराखी वळून वळून हसत व्हता, राव. मी काच वर करून घेतली.”

बेल्हे मागं पडलं. गुळुंचवाडी ओलांडली आणि आण्याच्या घाटाचा रस्ता वर चढू लागला. साक्षीनं तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. काटा थरथरला.

“सव्वातीन,” ती म्हणाली.

पहिल्या वळणावर गाडीनं आचका दिला. कुंडलिकनं वरची कडी धरली.

“तीन. काका, बघा काटा! पावणेतीन... अडीच!”

बैलगाडा शर्यतीच्या घाटावर लाऊडस्पीकरवरचा माणूस सेकंद पुकारतो, तसा तिचा आवाज चढत चालला. गाडी धापा टाकत होती आणि ही पोरगी सीटवरून अर्धी उठून आकडे ओरडत होती. सव्वादोन. दोन. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि बाजूनं शिव्या घालत पुढं गेला. दीडवर काटा आला आणि इंजिनानं राम म्हटला. साक्षीनं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टेअरिंगवर दोन्ही तळहात आपटले.

“सापडलं!”

“काय सापडलं? गाडी बंद पडली की!”

“बंद पडली म्हणून तर सापडलं! इंजिनाला पेट्रोलच पुरत न्हाई, काका. सायलेन्सर तुंबला असता तर काटा कशाला पडंल? पेट्रोल मागंच अडतंय!”

गाडी बंद पडल्यावर इतकं खूश होणारं माणूस कुंडलिकनं जन्मात पाहिलं नव्हतं. तो खाली उतरला आणि मुकाट्यानं चाकामागं दगड लावला.

पण अर्धंच काम झालं होतं. साक्षीनं दहा आकडे मोजले आणि चावी फिरवली. काटा सरसर वर चढून साडेतीनवर बसला. पुन्हा गाडी चढाला घातली, पुन्हा काटा पडला. पुन्हा बंद, पुन्हा दहा आकडे, पुन्हा साडेतीन. तीनदा तिनं हेच केलं आणि तीनदा काट्यानं तेच उत्तर दिलं. ती खाली उतरली आणि गाडीभोवती फेऱ्या मारू लागली. टाकीतला पंप तापून दमत असता तर त्याला गार व्हायला अर्धा तास लागला असता. दहा आकड्यांत कोण गार होतं? फिल्टर तुंबला असता तर नुसतं बंद करून चालू केल्यानं मोकळा झाला नसता. मग हे काय होतं, जे जोर लागला की आडवं येत होतं आणि जोर सुटला की बाजूला होत होतं?  जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात वर जाताना येते, तशी मजा तिला येत होती.

“हे आमच्या हिरीसारखंच झालं म्हणायचं,” कुंडलिक दगडावर बसून म्हणाला.

“म्हंजे?”

“आगं, पायपाच्या तोंडाला जाळी अस्ती ना, फुटबॉल म्हंत्यात त्याला. मोटार चालू केली की हिरीतला पालापाचोळा वढला जातो आन् जाळीला गच्च चिकटून बसतो. पानी यायचं बंद. मोटार बंद केली की सुटला, लागला तरंगायला. मोटार जळाली म्हणून आमी दोनदा वर काढली, आन् तिला काय झालंवतं? काय बी न्हाई.”

साक्षी जागच्या जागी थांबली. मग तिनं कुंडलिकचे दोन्ही खांदे धरून त्याला गदागदा हलवलं.

“काका, तुमीच खरे मिस्त्री! टाकीत कायतरी हाय! चढाला इंजिन जास्त पेट्रोल मागतं, पंप जोरात वढतो, आन् ते कायतरी येऊन पंपाच्या जाळीला चिकटतं. कापड न्हाईतर प्लास्टिक. गाडी बंद केली की सुटतं!”

“पर टाकीत कोन कशाला काय टाकंल? पंपावर भरतो आपण पेट्रोल.”

“डब्यानं कधी वतलंय? आठवा.”

कुंडलिकनं टोपी मागं सरकवली.

“एकदाच. गेल्या वर्साला आमच्या पुतणीची, हर्षालीची, हळद घेऊन निघालो व्हतो. गाडीत सगळ्या बायका आन् पेट्रोल संपलं, ते बी तुमच्याच दारात. तू तवा हॉस्टेलला असशील. भागुजीभाऊंनी पळत जाऊन डबा आणला. आन् त्या घाईत बी फडकं बांधून, गाळून वतलं बघ. बायका म्हणत्यात, आवो चला, हळद वाट बघती. पर ह्यो बाबा काय गाळल्याबिगर वतंना. तेवढा जपणारा मानूस दुसरा न्हाई आपल्याकडं.”

साक्षीनं काचेवरच्या गेजकडं बघितलं. काटा शून्यावर होता.

ती गाडीत येऊन बसली. आबांचं ते खाकी फडकं तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. जुन्या जिपांच्या टाकीचं तोंड चांगलं हंड्यासारखं रुंद असायचं, नरसाळं घातलं काय आणि काढलं काय. या नव्या गाड्यांच्या तोंडात झडप असते. नरसाळं आत जाताना ती उघडते आणि बाहेर येताना मिटते. टोकाला बांधलेलं फडकं त्या झडपेनं आतल्या आत ओढून घेतलं असणार. बायका घाई करत असताना आबांच्या ते ध्यानात कसं यावं? आणि चार दिवसांनी फळीवर एक खिळा रिकामा दिसल्यावर त्यांनी ते शोधावं कुठं?

तिला झालेला आनंद अजून कुठं गेला नव्हता, आणि हीच पंचाईत होती. दुखणं निघालं होतं. पैज जिंकली होती. गॅरेज तिचं होतं. फक्त आबांना जाऊन सांगायचं होतं की दुखणं म्हणजे तुम्हीच. तेही कुंडलिकच्या देखत, आणि कुंडलिकला कळलं की संध्याकाळपर्यंत ओतूरला आणि जेवणाच्या वेळेला मढला कळणार. चाळीस वर्षांच्या शिस्तीचं गावभर हसं होणार. वर्षभर त्या रिकाम्या खिळ्यानं तिला टोचलं होतं, त्याची फेड करायची याहून चांगली संधी आली नसती. घाट उतरताना तिनं ती संधी मनातल्या मनात दोनदा उचलून बघितली आणि ती तिला पेलवली नाही.

गाडी गॅरेजच्या दारात थांबली तेव्हा आबा स्टुलावरून उठले.

“ढकलत न्हाई आणली म्हंजे नशीबच. काय म्हंतोय काटा?”

“पडतोय, आबा. चढाला पडतोय. पर कशानं ते मला काय उमगलं न्हाई.”

“आगं, पर मघाशी तर तू...” कुंडलिकनं तोंड उघडलं.

“काका, चला, चहा पिऊ,” साक्षी घाईनं म्हणाली. “आबा, टाकी तेवढी एकदा तुमी बघा. मागच्या सीटखाली झाकण हाय.”

“म्हाईत हाय मला झाकण,” आबा म्हणाले. पण ते गाडीकडं बघत नव्हते. लेकीच्या तोंडाकडं बघत होते. चालत्या कामातून उठून चहाला जाणारी ही पोर नव्हती. आणि उमगलं नाही हा शब्द तर तिनं बालवाडीतसुद्धा वापरला नव्हता.

समोरच्या हॉटेलात साक्षीनं दोन चहा सांगितले आणि रस्त्याकडं पाठ करून बसली. कुंडलिकला काही कळेना.

“तिकडं गाडीचं पोट फाडत्यात आन् तू हितं बसतीस?”

“आबा हायेत ना.”

कुंडलिक मग उद्याच्या गिऱ्हाइकाबद्दल बोलू लागला. साक्षी मान हलवत राहिली. आबा झाकण काढतील, पंप वर घेतील, टाकीत हात घालतील. हाताला कापड लागेल. लाल दोरा दिसेल. चार बाजूंना बघतील, कुणी नाही, आणि खिशात घालतील. कचरा व्हता म्हणतील. कुंडलिकची गाडी पळू लागेल, आबांचं नाव राहील आणि दुखणं आबांनी काढलं असं होईल. सोमवारी ती पहिल्या एस.टी.नं जाईल. हे सगळं तिला पटत होतं. तिच्या चहावर साय धरली. ती तिनं बोटानं बाजूला केली आणि गार चहा एका घोटात संपवला.

“चला,” ती म्हणाली. अर्धा तास झाला होता. एवढा वेळ पुरे होता.

मागची सीट बाहेर फरशीवर काढून ठेवली होती. पंप वर्तमानपत्रावर आडवा झोपवला होता. आबा स्टुलावर बसले होते आणि पांढऱ्या बॉनेटवर, ऐन मध्यावर, एक फडकं पसरलेलं होतं. चारी कोपरे नीट ताणलेले. खाकीचा रंग उतरून पिवळा पडला होता. कडेची लाल शिवण मात्र तशीच होती आणि एका कोपऱ्यात शर्टाच्या खिशाचं काज दिसत होतं.

साक्षी दारातच थांबली.

“कुंडलिकराव, या,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज कामगारांच्या मीटिंगमध्ये बोलल्यासारखा मोठा आणि सरळ होता. “हे तुमच्या गाडीचं दुखणं. फडकं माझं हाय. गेल्या वर्साला हळदीच्या दिवशी माझ्याच हातनं टाकीत पडलं. नव्या गाडीच्या तोंडात झडप अस्ती, तिनं धरून ठेवलं आन् मला कळलं न्हाई. वर्सभर तुमी फिरलात त्याला कारण मी.”

कुंडलिकनं फडक्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं आणि पुन्हा फडक्याकडं बघितलं. मग त्याचं पोट हलू लागलं.

“भागुजीभाऊ! काखेत कळसा आन् गावाला वळसा म्हंत्यात ते ह्येच का! पेट्रोल गाळायच्या नादात गाळणीच आत!” तो बॉनेटला हात टेकून हसत सुटला. आबांच्या मिशीखालीही काहीतरी हललं, पण ते हसले नाहीत. त्यांचं अजून संपलं नव्हतं.

“आन् दुसरं. हे फडकं हरवलं तवा मी साक्षीला बोललो व्हतो. तिनं स्कुटी पुसली म्हणून. भर गिऱ्हाइकात बोललो. म्हणून भर गिऱ्हाइकात सांगतो, तिनं पुसली न्हवती.”

 साक्षी बॉनेटपाशी आली आणि फडक्याच्या लाल शिवणीवरून तिनं बोट फिरवलं.

“आता तू सांग,” आबा तिला म्हणाले. “तुला उमगलं न्हवतं?”

“न्हाई.”

“काय न्हाई!” कुंडलिक हसता हसता मध्येच म्हणाला. “आवो, घाटातच म्हणाली की ती, टाकीत कापड हाय न्हाईतर प्लास्टिक! मला इचारलं बी, डब्यानं कधी वतलं, आन् मी म्हणलं, भागुजीभाऊंनी...” आणि तो थांबला. त्यानं साक्षीकडं बघितलं. आपल्याला घाईघाईनं चहाला का नेलं, ते त्याच्या आता ध्यानात आलं. त्यानं टोपी काढली, झटकली आणि पुन्हा डोक्यावर घातली.

आबांनी चष्मा उतरवला. बराच वेळ तो सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

“पंप आन् सीट बसवू लाग,” ते म्हणाले. “आन् त्यो काटा परत काचेवर लाव. मला बघायचाय.”

तिघं निघाले. साक्षी गाडीवर, आबा तिच्या शेजारी आणि कुंडलिक मागं. बेल्हे गेलं, गुळुंचवाडी गेली. चढ सुरू झाला तसे आबा पुढं वाकले, पार काचेला नाक लागेपर्यंत. साक्षीनं तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. मागं तीन माणसं बसतील एवढी रिकामी सीट असूनही कुंडलिक उभ्यासारखा अधांतरी बसला होता.

“साडेतीन,” आबा म्हणाले.

पहिलं वळण.

“साडेतीनच. दाब अजून!”

गाडीनं आचका दिला नाही. तिनं खालून दम घेतला आणि उचल खाल्ली. दुसरं वळण. मघाशी जिथं दगड लावला होता ती जागा झपकन मागं गेली.

“पोरी, म्हशी! म्हशी कुठं हायेत? आता येऊ दे म्हणावं म्हशींना!” कुंडलिक मागून ओरडला.

“साडेतीन! साडेतीन!” आबा ओरडत होते. पुढं उसाची ट्रॉली होती. साक्षीनं हॉर्न दिला, गाडी बाहेर काढली आणि चढावर, भर चढावर, ट्रॉली मागं टाकली. आबांचा उजवा पाय गाडीच्या तळाशी असा दाबलेला होता की जणू अॅक्सिलरेटर तिथंच आहे. माथ्यावर पोचल्यावर वारा एकदम अंगावर आला. तिघंही खाली उतरले आणि उगाचच हसत गाडीभोवती उभे राहिले. कुंडलिकनं फोन काढून ओतूरच्या गिऱ्हाइकाला लावला.

“उद्या येऊ नका, पावणं,” तो म्हणाला. “गाडी इकायची न्हाई.” मग फोन खिशात टाकून तो आबांकडं वळला. “मी मढात सगळ्यांना सांगणार हाय बरं का, भागुजीभाऊ. तुमच्या फडक्याचं.”

“सांगा की. पर कुणी काढलं ते बी सांगा.”

उन्हं उतरताना गाडी गॅरेजमध्ये परत आली आणि कुंडलिक मढच्या वाटेला लागला. साक्षीनं गेज साफ करून ठेवला होता. आबांनी ते पिवळं पडलेलं फडकं साबणानं धुतलं, पिळलं आणि बाहेर तारेवर घातलं. मग ते आत येऊन पाने पुसत जागच्या जागी लावू लागले. चाकणचं पत्र टेबलावर, सुट्या भागांच्या याद्यांखाली होतं. त्यांनी ते बघितलं. बाजूला सरकवलं नाही आणि वाचलंही नाही.

“साक्षे,” पाठमोरे राहूनच ते म्हणाले. “सोमवारी बेल्ह्याचा बाजार.”

“व्हय.”

“गाड्या लई येत्यात बाजाराच्या दिवशी. नव्या गाड्या. एकट्याला उरकायचं न्हाई मला.”

 साक्षीनं गेजची नळी तीन वेढ्यांत गुंडाळली, फळीपाशी गेली आणि सातव्या खिळ्याला अडकवली.